कागदावरचं आठवं नाव

कुवेतवर इराकी फौजा चालून गेल्या त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही जेद्दाहून तायफ, बाहा आणि पुढे अभा असा डोंगरातला प्रवास केला. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, आमची चार वर्षांची मुलगी आणि नवऱ्याच्या कंपनीतले पुण्याचे साहेब, त्यांची बायको, दोन मुलं. गाडी साहेबांची, बेत साहेबांचा, आणि चार दिवसांचं वेळापत्रकही त्यांनीच टाइप करून आणलेलं. या प्रवासाबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि नवरा म्हणतो, जाऊ दे. इतकी वर्षं ते 'जाऊ दे' ऐकलं. आता लिहूनच टाकते.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे. नवरा जेद्दा बंदरात क्रेन दुरुस्तीवर होता. लग्नानंतर मी अल अझीझियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आले तेव्हा मला मराठी आणि मोडकं हिंदी सोडून काही येत नव्हतं. आमच्या इमारतीखाली एका येमेनी माणसाचं किराणा दुकान होतं. तिकडे बकाला म्हणतात तसलं, ब्रेडपासून बादलीपर्यंत सगळं. वरून दोरीला टोपली बांधून सोडायची, तो त्यात सामान भरायचा. पहिल्या महिन्यात मी मीठ मागायला गेले आणि साखर घेऊन आले, तर दुसऱ्या दिवशी त्याने सगळे डबे ओळीने दाखवून मला एकेक शब्द म्हणायला लावला. मी त्याला अम्मी म्हणायची, म्हणजे काका. तो मला बिंती म्हणायचा, मुली.

मला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा बंदरात होता आणि बंदरात निरोप पोचवणं सोपं नव्हतं. अम्मीने भर दुपारी शटर ओढलं, मागच्या खोलीतून बायकोला बोलावलं आणि दोघांनी मला आपल्या पिकअपमधून इस्पितळात नेलं. त्याची म्हातारी आई आमच्या घराला कुलूप लावून किल्ली घेऊन बसली. नवरा पोचला तोवर मुलगी झालेली होती. हे एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

येमेनी लोकांना त्या देशात तोवर एक सवलत होती. आम्हा सगळ्यांना कफील लागायचा, म्हणजे ज्याच्या नावावर आपण राहतो तो तिथला धनी. त्यांना लागत नसे. स्वतःचं दुकान ते स्वतः चालवत. कुवेतच्या प्रकरणात त्यांच्या सरकारने घेतलेली बाजू इकडच्या सरकारला आवडली नाही आणि ती सवलत काढून घेतली. थोड्या आठवड्यांत कफील शोधा, नाहीतर जा. सरकारांचं भांडण, आणि शटर बंद कुणाचं? मीठ विकणाऱ्याचं. अम्मी बावीस वर्षं जेद्दात होता. त्याच्या बापाची कबर जेद्दात होती. एका सकाळी मी टोपली सोडली आणि ती खाली तशीच लोंबत राहिली. शेजारणीने सांगितलं, काल सामान भरून गेले. मी खाली गेले, बंद शटरकडे पाहिलं, वर आले. निरोपही घेता आला नाही.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी साहेबांनी सहलीचं काढलं. लढाई सुरू झाली तर पुन्हा कधी जमणार, असं त्यांचं म्हणणं. जेद्दात लढाई अजून रेडिओतच होती, पण बंदरात जहाजांची रांग लागलेली आणि नवरा महिनाभर दुप्पट पाळ्या करत होता. चार दिवसांची रजा मिळतेय म्हटल्यावर मीही हो म्हटलं. त्या काळी परक्या माणसाला आपलं शहर सोडून दुसरीकडे जायचं तर कफीलचं पत्र लागायचं, कोण कोण जाणार आणि कुठून कुठे, शिक्क्यानिशी. आमच्या पत्रावर सात नावं होती. साहेबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवलं, आणि दर पेट्रोल पंपावर ते जागेवर आहे ना हे उघडून पाहिलं.

मक्केच्या अलीकडे रस्ता फुटतो. मुसलमानांनी सरळ जायचं, बाकीच्यांनी बाहेरून वळसा घालायचा. आम्ही तिघं मुसलमान, सरळ जाऊ शकलो असतो, पण साहेबांच्या कुटुंबामुळे आम्ही वळसा घातला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. एकत्र निघालो तर एकाच वाटेने जायचं, त्यात विचार कसला करायचा?

हदाचा घाट चढलो आणि हवा बदलली. जेद्दात अजून पाठीवर घाम सुटत होता, इथे मुलीला स्वेटर घालावा लागला. वळणावळणावर माकडं बसलेली, मोठी, राखाडी, आयाळीची. साहेबांच्या मुलांनी केळी टाकली आणि मुलं आणि माकडं दोघंही किंचाळली. तायफला डाळिंबांचे ढीग लागले होते. दुसऱ्या दिवशी बाहाकडे निघालो तेव्हा डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसायला लागली, कापणी झालेली, पिवळी. मधूनच दगडी बुरूज, आणि अरारची रानं, आपल्या सुरूसारखी पण ठेंगणी, गाठाळ. मला आमच्या गावामागचा डोंगर आठवला. खोटं कशाला बोलू, तो रस्ता सुंदर होता. म्हणून तर जास्त राग येतो.

कारण गावं बंद होती. दर दहा-वीस मैलांवर एक छोटं गाव, एक मशीद, एक पंप आणि ओळीने सात-आठ दुकानं, आणि त्यातली पाच-सहा बंद. रोटीची भट्टी थंड. टायरवाला नाही, शिंपी नाही, चहावाला नाही. साहेब वैतागले. चहासाठी तीन गावं झाली, म्हणाले, इथल्या लोकांना धंदा करायचाच नाही का? नवरा हळूच म्हणाला की धंदा करणारे सगळे येमेनी होते. साहेबांनी 'अच्छा' म्हटलं आणि आइसबॉक्समधून थंड पेयाचा डबा काढायला सांगितलं.

आणि मग त्या गाड्या दिसायला लागल्या. पिकअप, ट्रक, सगळ्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या. गाद्या, फ्रीज, शिवणयंत्र, पाळणे, वर दोरखंडांनी आवळलेलं, आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. घाटात त्या इतक्या सावकाश चालायच्या की आमच्या गाडीला ओलांडायला वेळ लागायचा. साहेबांनी गाडी हळू करून खिडकीतून कॅमेरा काढला. ज्या देशात दुसऱ्याच्या बायकांचा फोटो काढणं हा गुन्हा, तिथे हा पत्राची घडी मोडली तर घाबरणारा माणूस गाद्यांवर बसलेल्या बायकांचे फोटो काढत होता. त्या बायका कुणाकडे तक्रार करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

नमास या मोठ्या गावाच्या अलीकडे एका लहान गावात पेट्रोलला थांबलो. पंपापलीकडे बंद गॅरेजच्या पुढ्यात एक पिकअप एका अंगावर बसली होती. मी मुलीला घेऊन पाय मोकळे करायला उतरले आणि तिचा हिरवा दरवाजा पाहून थांबले. त्या दरवाज्याला धरून मी एकदा कळा सोसल्या होत्या. अम्मी चाकाजवळ उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, ओळखायला क्षणभर लागला. त्याने मला आधी ओळखलं.

"बिंती," तो म्हणाला, आणि उठायचंच विसरला.

मागच्या चाकावरचे लोखंडी पाटे ओझ्याने तुटले होते. जेद्दा सोडल्यावर दोनेक आठवडे मक्केला नातलगाकडे कफील शोधण्यात गेले होते, आणि आता दोन दिवस ते तिथेच होते. गॅरेजवाला त्यांच्याच मुलखातला, तो आठवड्यापूर्वीच निघून गेलेला. जाणाऱ्या गाड्यांत तीळभर जागा नव्हती. मुलं भावाबरोबर आधी गेली होती, आता तो, बायको आणि म्हातारी. म्हातारी पिकअपच्या आडोशाला गादीवर पडली होती. उघड्या गाडीतून थंडीवाऱ्यात आलेली, जन्मभर समुद्राकाठी राहिलेली बाई. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. श्वास घेताना छातीत घरघर वाजत होती. अम्मीने माझ्याकडे मागितलं ते एवढंच, की आईला आणि बायकोला पुढच्या मोठ्या गावातल्या इस्पितळापर्यंत सोडा. तासाभराची वाट. तेही शक्य नसेल तर एकट्या आईला.

मी गाडीशी जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. इस्पितळात कुणी नेलं होतं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कप्पा उघडून ते पत्र काढलं.

"वहिनी, यावर सात नावं आहेत," ते म्हणाले. "पुढे चौकी आहे. आठवं माणूस कोण, म्हणून विचारलं तर मी काय सांगू? आणि तेही येमेनी."

"आजारी म्हातारी आहे, असं सांगा. डोळ्यांना दिसेल त्यांना."

"तुम्हाला कळत नाही. माझा इकामा, इथे राहायचा परवानाच गेला तर मुलांची शाळा बुडेल."

मी म्हटलं, मग तासभर थांबा, माझा नवरा पाटे बांधून देईल, हा त्याचा रोजचा धंदा आहे. तर अभ्याच्या हॉटेलातलं बुकिंग सहापर्यंतच धरून ठेवणार होते, आणि उजेडात धुकं पाहायचं राहून गेलं असतं. शेवटी ते म्हणाले की गाडीत जागाही नाही. मधल्या सीटवर आइसबॉक्स होता, त्याला एका माणसाची जागा दिलेली होती. मी त्या आइसबॉक्सकडे पाहिलं. त्यांच्या बायकोनेही पाहिलं आणि मान खाली घातली.

मी नवऱ्याकडे वळले. तो गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभा होता आणि टायरकडे बघत होता. साहेब त्याचे वरिष्ठ. रजा, बढती, करार वाढवणं, सगळ्यावर त्यांची सही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मला त्या क्षणी नवऱ्याची शिसारी आली. साहेबांचा मला राग आला, पण ते परके होते. हा तर त्या दुपारी इस्पितळात धावत आला तेव्हा अम्मीच्या गळ्यात पडून रडलेला माणूस.

मी मागचं दार उघडून मुलीची पिशवी काढली, आमची सुटकेस टपावरून सोडायला सांगितली, आणि जाऊन म्हातारीच्या उशाशी बसले. मला काही धैर्य वगैरे वाटत नव्हतं. पण त्या गाडीत पुन्हा बसायचं आणि थंड पेय प्यायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. गाडीपाशी थोडा वेळ बोलणं चाललं. मग नवरा सुटकेस घेऊन आला. साहेबांनी खिडकीतून सांगितलं की परवा परतीच्या वाटेवर नमासच्या चौकात उचलतो. सात जणांचं पत्र त्यांनी नेलं. आम्ही तिघं त्या डोंगरात कागदाशिवाय उरलो.

पुढचे तीन तास नवऱ्याने काम केलं. सामान उतरवलं, बंद गॅरेजच्या मागे पडलेली साखळी शोधली, अरारचा एक ओंडका तासून आस आणि चौकटीच्या मधे ठोकला आणि साखळीने जखडला. हाताची सालटं निघाली. अम्मी त्याला हत्यारं देत होता. दोघं यंत्राबद्दल जेवढं बोलायला लागतं तेवढंच बोलत होते. मी आणि अम्मीची बायको म्हातारीचं डोकं ओल्या फडक्याने पुसत होतो. मध्येच म्हातारीने डोळे उघडून विचारलं की दुकान उघडलं का. तिची सून म्हणाली, उघडलं.

निम्मं सामान गॅरेजच्या पडवीत सोडून आम्ही निघालो. पुढे अम्मी, बायको आणि मधे म्हातारी. मागे गाद्यांवर आम्ही. गाडी माणसाच्या चालीने जात होती. उतारावर साखळी करकरली की नवरा खाली वाकून बघायचा. पश्चिमेला डोंगर तुटून खाली तिहामाच्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या सखल मुलखाच्या, दऱ्या दिसत होत्या, निळ्यावर निळ्या, आणि मुलगी मजेत बोट दाखवत होती. तिच्या दृष्टीने सहल आता कुठे सुरू झाली होती.

मग ती चौकी आली. शिपाई कोवळा होता. त्याने अम्मीचे कागद पाहिले, मग पुढच्या काचेतून म्हातारीला पाहिलं. मागे येऊन नवऱ्याचा इकामा मागितला. तू हिंदी, यांच्या गाडीत काय करतोस? नवऱ्याने काळे हात दाखवले आणि म्हणाला, मेकॅनिक. शिपायाने इकामा परत दिला, खाली वाकून ओंडका आणि साखळी बघितली, हसला. इस्पितळ कुठल्या वळणावर आहे ते सांगितलं, पुढच्या दोन गाड्या बाजूला घ्यायला लावल्या आणि हाताने पुढे जायची खूण केली.

"यल्ला, यल्ला."

पत्र त्याने मागितलंच नाही. नावं मोजली नाहीत. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण माझ्या अंगाची लाही झाली. ज्या भीतीपायी एक तापलेली म्हातारी रस्त्यात टाकून ते गेले, ती भीती अशी होती! नवरा म्हणतो, दुसरा शिपाई असता तर? असता, खरं आहे. त्याने त्रास दिला असता, परत पाठवलं असतं. पण विचारून तर बघायचं होतं. साहेबांनी शिपायाच्या आधी स्वतःच नाही म्हणून टाकलं. आपल्या लोकांची ही खोड मी त्या देशात फार पाहिली. वरचा एक पाऊल दाबतो, तर आपण दोन पावलं आपणहून मागे सरतो, आणि त्याला शहाणपण म्हणतो.

म्हातारीला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरने ताबडतोब ठेवून घेतलं. एका केरळी नर्सने मला आणि मुलीला आपल्या खोलीत झोपायला जागा दिली, कोण कुठली हेही न विचारता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारी उठून बसली. अभ्याजवळ खमीसला थांबलेला अम्मीचा भाऊ निरोप मिळताच ट्रक घेऊन आला आणि मागे सोडलेलं सामानही त्यांनी आणलं. निघताना मी अम्मीला म्हटलं की तुमच्यावर फार अन्याय झाला. माझ्या अरबीत ते नीट आलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "खलास, बिंती." झालं, संपलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्याचाही राग आला. बावीस वर्षं एका दोरखंडाने बांधून निघालेल्या माणसाने शिवी तरी द्यायला हवी होती. पत्ता विचारला तर हसला. ज्या गावी चाललो ते मीच बावीस वर्षांत नीट पाहिलेलं नाही, म्हणाला. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

साहेब ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी चौकात आले. परतीच्या वाटेवर ते अभ्याच्या धुक्याबद्दल बोलले, हॉटेलच्या नाश्त्याबद्दल बोलले. त्यांच्या बायकोने मात्र, साहेब पंपावर उतरले तेवढ्यात, हळूच विचारलं, "आजी कशा आहेत?" बऱ्या आहेत, मी म्हटलं. त्यांचे डोळे भरले. पण मला त्यांचीही दया आली नाही. तो आइसबॉक्स उचलून खाली ठेवायला कुणाच्या सहीची गरज नव्हती.

महिनाभराने साहेबांनी घरी बोलावलं. ओळखीची पाच-सहा मराठी कुटुंबं होती. पडदा लावून त्यांनी सहलीच्या स्लाइड दाखवल्या. माकडं, डाळिंबं, बुरूज, धुकं. मग त्या गाड्या. उंचावर फ्रीज बांधलेला, त्यावर बाई, बाईच्या मांडीवर कोंबड्यांचा पिंजरा. कुणीतरी म्हणालं, सर्कस चालली आहे जणू. लोक हसले. साहेब म्हणाले, हे लोक असेच, घर पाठीवर घेऊन हिंडतात.

मी उठून उभी राहिले. नवऱ्याने माझा पदर धरला, तो मी सोडवला. म्हटलं, "हे हिंडत नाहीत. यांना हाकललंय. आमच्या खालच्या दुकानदाराची आई अशाच गाडीवर तापाने फणफणत होती आणि तुम्ही तिला गाडीत घेतलं नाहीत. तेही सांगा ना यांना."

साहेबांनी पुढची स्लाइड लावली. धुकंच होतं. कुणीतरी विचारलं, कुठला कॅमेरा वापरलात. माझं बोलणं एखाद्या मुलाने पाणी सांडावं तसं सगळ्यांनी मिळून पुसून टाकलं. जेवण झालं. मी जेवले नाही. साहेबांनी पुढे नवऱ्याला काही त्रास दिला असं म्हणता येणार नाही. बोलावणं मात्र बंद झालं. जानेवारीत लढाईला तोंड लागल्यावर त्यांनी कुटुंबाला पहिल्या मिळेल त्या विमानाने पुण्याला धाडलं. विमानतळावर सामान जास्त झालं आणि जागेवरून त्यांची फार वादावादी झाली, असं कानावर आलं.

त्या स्लाइडच्या संध्याकाळी आम्ही दोघं चालतच घरी आलो. मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर झोपली होती. वाटेत तो म्हणाला, "त्या दिवशी गाडीतून आधी मी उतरायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो."

त्याला वाटलं असावं की मी पुढे काहीतरी म्हणेन, तुझा नाइलाज होता, नोकरीचा प्रश्न होता, शेवटी उतरलास ना. मी तसलं काही म्हटलं नाही.